मुलांची झोप आणि मुलांचे पोट



लहान मुलांच्या संबंधात आईबापांच्या ज्या तक्रारी डॉक्टरांच्या कानी नित्य पडतात, त्यांत दोन फार जुन्या आहेत. मूल नीट जेवत नाही ही एक, आणि मूल नीट झोपत नाही ही दुसरी. या दोन तक्रारी बहुधा निरनिराळ्या दिवशी आणि निरनिराळ्या तोंडांनी सांगितल्या जातात. जेवणाची तक्रार आजी करते, कारण ताटात उरलेले अन्न तिला दिसते. झोपेची तक्रार आई करते, कारण रात्र तिची मोडते. मग औषधेही दोन मागितली जातात, एक भूक लागण्याचे आणि दुसरे झोप येण्याचे. आज मला असे सुचवावयाचे आहे की, पुष्कळ मुलांच्या बाबतीत या दोन तक्रारी वेगळ्या नसतात. पोट बिघडले म्हणून झोप मोडते, झोप मोडली म्हणून पोट बिघडते, आणि या दोहोंच्या मागे अनेकदा घरातल्या मोठ्या माणसांचे घड्याळ उभे असते.

हा विचार अगदीच नवा आहे असे नाही. 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही आपली म्हण भूक आणि नीज यांना एका ओळीत बसवते. चरकाने शरीराला आधार देणारे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत पहिला आहार आणि दुसरा निद्रा. जुन्या लोकांनी या दोन गोष्टी शेजारी मांडल्या त्या अनुभवावरून. त्यांच्यामधले धागे अलीकडच्या संशोधनाने पुष्कळसे उलगडून दाखविले आहेत.

विषय नीट समजावा म्हणून आपण बेंगळूरूमधली एक वसाहत डोळ्यांपुढे आणू. शहराच्या आग्नेय अंगाला, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान ती वसली आहे, आणि या दोन रस्त्यांच्या नावांवरूनच तिला एचएसआर लेआउट असे म्हणतात. बेंगळूरू विकास प्राधिकरणाने आखलेली, सात सेक्टरांची ही वसाहत. कडेला अगरा तलाव आणि जवळून जाणारा आउटर रिंग रोड. मराठी माणूस बेंगळूरूला शहाजीराजांच्या काळापासून परका नाही. परंतु संगणकाच्या धंद्याने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुण्या-नागपुराकडची, कोल्हापूर-बेळगावकडची जी तरुण कुटुंबे त्या शहरात आणली, त्यांतली काही अशा वसाहतींतून राहतात. अशा घरातला दिवस कसा जातो? आईबाप दोघेही नोकरीला. संध्याकाळी सिल्क बोर्डच्या चौकातली वाहनांची कोंडी ओलांडून घरी पोहोचेपर्यंत ८ वाजून जातात. काहींचे काम तेथेही संपत नाही, कारण अमेरिकेतल्या कचेऱ्या उघडतात त्या आपल्याकडच्या रात्री. जेवण ९॥-१० ला होते. स्वयंपाकाला वेळ नसला तर ते बाहेरून, दुचाकीवरून दारात येते. मूल आईबापांची वाट पाहत जागे राहिलेले असते आणि ११ च्या सुमारास निजते. सकाळी ७ ला शाळेची बस कोपऱ्यावर उभी राहते, म्हणून ६। ला त्याला ओढून उठवावे लागते.

सगळीच घरे अशी नाहीत हे उघड आहे. पण हिंजवडीच्या किंवा ठाण्याच्या कित्येक घरांतही हेच वेळापत्रक चालते. आता साधी बेरीज करू. रात्री ११ ते सकाळी ६। म्हणजे सव्वासात तास. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ साली तज्ज्ञांच्या विचाराने जी प्रमाणे ठरविली, त्यांनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून १० ते १३ तास हवी, आणि १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. म्हणजे आपल्या या शाळकरी मुलाच्या झोपेत रोज किमान पावणेदोन तासांची तूट पडते. ही तूट दिसते झोपेच्या खात्यात. तिचे परिणाम मात्र पोटाच्याही खात्यात मांडले जातात. ते कसे, हे कळण्यासाठी रात्री शरीराच्या आत काय चालते हे थोडे पाहिले पाहिजे.

पोटभर घेतलेले जेवण जठरातून पुढे सरकायला साधारणपणे तीन-चार तास लागतात. तुपातेलाचे जेवण त्याहूनही रेंगाळते. अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. ते मधूनमधून सैल पडते आणि जठरातला आंबट रस वर येतो. जागेपणी आपण वरचेवर लाळ गिळतो, त्यामुळे हा रस पुन्हा खाली जातो आणि त्याची आंबटही मरते. शिवाय उभ्या-बसल्या माणसाच्या बाबतीत पृथ्वीचे आकर्षणही मदतीला असते. झोपेत लाळ सुटणे जवळजवळ थांबते, गिळणे क्वचित घडते, आणि आडव्या देहात खाली-वर हा भेद राहत नाही. मग वर आलेला रस तेथेच रेंगाळतो. मोठा माणूस 'छातीत जळजळते' असे सांगतो. मूल असे सांगत नाही. ते कुशी बदलते, खोकते, दचकून उठते, पाणी मागते, आणि सकाळी न्याहरीला 'नको' म्हणते. उशिरा आणि भरपेट जेवलेल्या मुलाच्या रात्रीची ही एक कहाणी आहे.

दुसरी कहाणी मोठ्या आतड्याची. हे आतडे रात्री मुलाबरोबरच विसावते. पहाटे जाग आली की त्याची हालचाल एकदम वाढते, आणि सकाळचे काही खाल्ले-प्यायले की ती आणखी जोर धरते. म्हणून शौचाची निसर्गाने नेमलेली वेळ म्हणजे उठल्यानंतरचा, विशेषतः न्याहरीनंतरचा, अर्धापाऊण तास. आता ६। ला ओढून उठविलेले आणि ७ ला बसमध्ये बसविलेले मूल या अर्ध्या तासात काय काय करील? दात घासणे, आंघोळ, गणवेश, दप्तर, दुधाचा पेला, सारे उरकते. राहून जाते ते नेमके शौच. शाळेतल्या शौचकूपात जायला पुष्कळ मुले लाजतात किंवा किळसतात. ती वेग दाबून धरतात. दाबलेला मल कोरडा आणि कठीण होतो, पुढच्या वेळी त्रास होतो, त्रासाच्या भीतीने मूल आणखी दाबते. बालवयातला बद्धकोष्ठ फार वेळा असाच सुरू होतो. त्याने पोट तडतडते, भूक मरते, रात्री पोटात कळा येतात आणि झोप मोडते. झोप मोडली की सकाळी उठायला आणखी उशीर होतो आणि शौचाचा तो अर्धा तासही हातचा जातो. चक्र पुरे होते ते असे.

या बद्धकोष्ठाचा आणखी एक परिणाम आईबापांच्या सहसा ध्यानात येत नाही. भरलेले मलाशय पुढच्या बाजूला असलेल्या मूत्राशयावर दाब आणते आणि मूल रात्री अंथरूण ओले करते. अमेरिकेत आयोवा येथे डॉ. लोएनिंग-बाउके यांनी बद्धकोष्ठ असलेल्या २३४ मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यांतली ३४ टक्के मुले रात्री अंथरूण भिजवीत; आणि बद्धकोष्ठ हटल्यावर त्यांतल्या ६३ टक्के मुलांचे ते भिजविणे थांबले. अंथरूण ओले केल्याबद्दल ज्या मुलांनी बोलणी खाल्ली, मार खाल्ला, भावंडांची चेष्टा सोसली, त्यांतल्या कितींचा दोष केवळ आतड्याचा होता याचा विचार मनात आला म्हणजे वाईट वाटते. अशा मुलाला रागे भरण्यापूर्वी त्याला शौचाला रोज होते काय, खडा होतो काय, हे एकदा विचारून पाहावे.

आता शाळकरी मुलाकडून पाळण्यातल्या मुलाकडे येऊ. त्याला बोलता येत नाही. त्याचे सारे सांगणे रडण्यात. काश्यपसंहिता या बालरोगांवरील प्राचीन ग्रंथात यासाठी एक स्वतंत्र अध्यायच आहे. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून हा ग्रंथ १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला. न बोलणाऱ्या बालकाला कोठे दुखते हे त्याच्या हालचालींवरून कसे ओळखावे, हे त्या अध्यायात सांगितले आहे. पोटशूळ असलेले मूल स्तन तोंडातून टाकून देते, रडते, उताणे असता अंग ताणते. त्याचे पोट कडक लागते आणि तोंडावर घाम येतो, असे वर्णन तेथे आहे. पाळण्याशी रात्र काढलेल्या कोणत्याही आईला ते ओळखीचे वाटेल.

अशा रडण्यापैकी एका प्रकाराचे माप अमेरिकन बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांनी १९५४ साली ठरविले. एरवी निकोप आणि चांगले वाढणारे तान्हे मूल दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर त्याला त्यांनी पोटशुळाचे रडणे मानले. हे रडणे बहुधा संध्याकाळी सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या आसपास अगदी भरास येते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप सरते. त्याचे एकच एक कारण आजही सांगता येत नाही. दूध वर येण्याचेही तसेच. सुमारे चौथ्या महिन्यात ते सर्वांत जास्त असते आणि वर्षाच्या आत बहुतेकांचे थांबते. मूल हसतखेळत असेल, वजन वाढत असेल, तर प्रत्येक गुळणीला रोग म्हणण्याचे कारण नाही. पाजल्यावर त्याला थोडा वेळ खांद्याशी उभे धरावे, ढेकर काढावी. झोपविताना मात्र सपाट अंथरुणावर, उताणेच झोपवावे. दूध वर येते म्हणून उशी देऊ नये, पालथे घालू नये. तान्ह्या मुलाच्या श्वासाच्या दृष्टीने तो धोका आहे.

आपल्या घरांतून यावर उपाय म्हणून गुटी देण्याची चाल आहे. ही गुटी नीट पाहण्यासारखी आहे. सहाणेवर जी मुरडशेंग उगाळली जाते ती पोटासाठी आणि जे जायफळ उगाळले जाते ते झोपेसाठी. म्हणजे पोट आणि झोप यांची सांगड आपल्या आज्यांनी एकाच सहाणेवर घातली होती. त्यांचे निदान मार्मिक होते असे मी म्हणेन; औषध मात्र आज जसेच्या तसे चालू ठेवावे असे म्हणता येत नाही. पहिले सहा महिने मुलाला आईच्या दुधावाचून काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जायफळ आणि वेखंड यांची मात्रा चुकली तर ती तान्ह्या जिवाला बाधतात. वर्षाच्या आतल्या मुलाला मध चाटविणेही धोक्याचे आहे, कारण त्यातून क्वचित एका जंतूचे बीज पोटात जाते आणि अंग लुळे पडण्याचा रोग होतो. विलायती ग्राइप वॉटरची कथाही अशीच. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ साली ते काढले. त्यात शेपूचे तेल आणि खाण्याचा सोडा यांबरोबर मद्यार्कही असे. मुले शांत होत, त्यात त्या मद्यार्काचा वाटा किती हे ज्याचे त्याने ताडावे.

परंतु झोप विकत घेण्याच्या या वाटेवरचा सर्वांत दुःखद टप्पा आपल्या मुंबईत होऊन गेला आहे. गिरणगावातल्या बायका दिवसाचे दहा-अकरा तास साच्यावर उभ्या राहत. तान्हे मूल चाळीतल्या खोलीत कोणाच्या तरी हवाली करावे लागे. ते रडू नये म्हणून त्याला बाळगोळी दिली जाई. या बाळगोळीत अफू असे. डॉ. बार्न्स या बाईंनी सरकारसाठी या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली आणि तो वृत्तांत १९२२ साली मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये आला. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी त्यात नमूद केले होते.

अफू काय करते ते पाहा. ती गुंगी आणते, भूक मारते आणि आतडे थंड पाडते. म्हणजे झोप आणि पोट या दोन्हींवर ती एकदमच हात टाकते. मूल झोपलेले दिसे, पण ती झोप नव्हती. मूल दूध मागत नसे, पण त्याचे पोट भरलेले नसे. शौच कोंडे, अंग सुके, आणि आधीच अशक्त असलेले मूल पहिल्याच आजारात हाती लागत नसे. त्या मातांना दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. गिरणीचा भोंगा त्यांच्या हातात नव्हता. दिवसाची वेळ मालकाने ठरविली, तिचे मोल मुलाच्या आतड्याने चुकते केले.

आज अफूची गोळी गेली, भोंगाही थांबला. पण मोह गेला आहे काय? मूल रात्री झोपत नाही म्हणून सर्दीचे गुंगी आणणारे औषध चमचाभर देणारी सुशिक्षित घरे आहेत. झोपेच्या नावाने गोड गोळ्याही विकल्या जातात. डॉक्टरांनी तपासून एखाद्या मुलाला असे औषध दिले तर ती गोष्ट वेगळी. आपल्या सोयीसाठी ते देणे मात्र त्या जुन्या बाळगोळीच्या कुळातले होय. रडणे ही मुलाची भाषा आहे. ती बंद केल्याने तिच्यातला निरोप नाहीसा होत नाही.

हा निरोप ऐकल्याने काय घडते याचे एक उदाहरण सांगतो. ब्रुसेल्स येथील डॉ. आंद्रे कान यांच्याकडे काही तान्ही मुले आली. ती रात्रीतून पुनःपुन्हा उठत, तासन् तास रडत, आणि झोपेचे नेहमीचे सारे उपाय थकले होते. डॉ. कान यांनी त्यांच्या आहारातून गाईचे दूध काढून टाकले. काही आठवड्यांत ती मुले झोपू लागली. दूध पुन्हा सुरू करताच निद्रानाश परतला. हे त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केले, आणि १९८९ साली अधिक कसून परीक्षा केली. तीत कोणत्या मुलाला खरे दूध मिळते हे आईबापांना आणि तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. तरीही काही मुलांच्या बाबतीत तोच निष्कर्ष निघाला. याचा अर्थ न झोपणाऱ्या प्रत्येक मुलाचे दूध तोडावे असा मुळीच नाही. गाईचे दूध न मानवणारी मुले थोडी असतात, आणि अंगावर पुरळ, रक्तमिश्रित शौच, न वाढणारे वजन अशा खुणा बहुधा बरोबर असतात. दूध बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. पण ज्याला सारे घर 'हट्टी' म्हणत होते ते मूल हट्टी नसून दुखणाईत होते, हे या प्रयोगाने शिकविले.

आपल्या देशात पोट आणि झोप यांना जोडणारे आणखी दोन धागे विशेष बळकट आहेत. एक जंतांचा. सुतासारख्या बारीक जंतांची मादी रात्री, मूल झोपल्यावर, गुदद्वाराशी येऊन अंडी घालते. तेथे असह्य खाज सुटते, मूल तळमळते, आणि खाजविलेल्या नखांतून अंडी पुन्हा तोंडात जातात. नखे कापणे, हात धुणे, आतले कपडे आणि चादरी रोजच्या रोज धुणे, आणि घरातल्या सर्वांनी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे एकाच वेळी औषध घेणे हा त्यावर उपाय. पोटातल्या इतर जंतांसाठी २०१५ पासून सरकारतर्फे राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. शाळेत आणि अंगणवाडीत गोळी दिली जाते. ती चुकवू नये.

दुसरा धागा रक्तक्षयाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या दरम्यान, पाच वर्षांखालच्या मुलांपैकी भारतात ६७.१ टक्के, महाराष्ट्रात ६८.९ टक्के आणि कर्नाटकात ६५.५ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. रक्तक्षय केवळ गरिबांच्या घरी असतो ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. त्याचे एक मोठे कारण अन्नातून लोह पुरेसे न मिळणे आणि आतड्यात न शोषले जाणे हे असते. दिवसाला अर्ध्या लिटरहून कितीतरी अधिक दूध पिणारे आणि त्यामुळे पोळी-भाजी नाकारणारे मूल गुबगुबीत दिसते, पण त्याचे लोह कमी असू शकते. जेवणाबरोबरचा चहाही लोह शोषू देत नाही. आणि लोह कमी पडले की काही मुलांचे पाय रात्री स्वस्थ राहत नाहीत. पायांत काहीतरी वळवळते म्हणून ती सारखी पाय झाडतात, आणि झोप लागत नाही. आई 'पाय दुखतात' म्हणून तेल चोळते. तेलाने बरे वाटते, पण उणीव लोहाची असते. ती रक्ततपासणीने कळते आणि योग्य औषधाने भरून निघते. ते औषध कधी कधी शौच कठीण करते, तेव्हा पाणी आणि भाजी वाढवावी लागते. एका टोकाला हात लावला की दुसरे टोक हलते, त्याचा हा आणखी एक नमुना.

आतापर्यंत पोटाकडून झोपेकडे जाणारी वाट पाहिली. उलट वाटही तितकीच वाहती आहे. अपुऱ्या झोपेने भूक चाळवणाऱ्या आणि तृप्ती देणाऱ्या रसायनांचा तोल बिघडतो. मन गोडाकडे आणि तळलेल्याकडे ओढ घेते. झोप नसली की दुखणे सोसण्याची शक्तीही घटते, आणि एरवी जाणवले नसते इतकेसे पोटाचे ताणणे मुलाला दुखू लागते. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ साली सुमारे एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहांतल्या एका मुलाचे पोट वारंवार दुखत असे, आणि त्यांतल्या फार थोड्यांच्या पोटात दाखविता येण्याजोगा रोग होता. बाकीची मुले ढोंगी होती असे मात्र नाही. त्यांचे दुखणे खरेच होते. मनावरचा ताण त्या दुखण्यातून बोलत असे. परीक्षा, बसमधली दांडगाई, घरातले भांडण यांनी मूल रात्री जागते आणि सकाळी पोट धरून बसते.

खरे दुखणे वेगळे काढण्याच्या काही खुणा प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवाव्यात. बेंबीपासून दूर, एकाच ठिकाणी दुखणे, शांत झोपेतून मुलाला वारंवार उठविणारे दुखणे, हिरवी उलटी, शौचातून रक्त, फुगलेले, कडक पोट, रेंगाळणारा ताप, घटणारे वजन. यांपैकी काहीही असले तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. हिरव्या उलटीच्या बाबतीत तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये. झोपेत मोठ्याने घोरणारे, श्वास अडखळणारे मूलही तपासून घ्यावे. स्वमग्न मुलांविषयी येथे एक शब्द बोलणे अवश्य आहे. या मुलांत पोटाच्या आणि झोपेच्या तक्रारी पुष्कळदा बरोबरच आढळतात. वय वाढले तरी त्यांतल्या काहींना दुखणे सांगता येत नाही. ती किंचाळतात, स्वतःला मारून घेतात. 'त्यांचा स्वभावच तसा' म्हणून सोडून देण्यापूर्वी त्यांचे पोट अवश्य तपासावे.

मग घरी करावयाचे काय? पहिली गोष्ट अगदी स्वस्त आहे. एक वही घ्यावी आणि पंधरा दिवस एकाच पानावर तीन गोष्टी लिहाव्यात: मूल काय आणि केव्हा जेवले, शौच केव्हा आणि कसे झाले, झोपले व उठले केव्हा. दोन आठवड्यांत पुष्कळ घरांना स्वतःचे निदान स्वतःच दिसू लागते, आणि न दिसले तर ती वही डॉक्टरांच्या उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट थोडी कठीण. मुलाने आईबापांच्या जेवणाची वाट पाहू नये. ७-७॥ ला त्याने हलके, घरचे जेवण घ्यावे. वरणभात, मऊ खिचडी, किंवा ज्या कर्नाटकात ते राहते तेथली रागी, म्हणजे आपली नाचणी. तिच्यात कोंडाही आहे आणि लोहही. जेवण आणि झोप यांत दोन तासांचे अंतर असावे. चहा, कोला, चॉकलेट संध्याकाळनंतर नको. निजण्यापूर्वी तासभर पडदे विझावेत, मोबाइलचाही आणि दूरचित्रवाणीचाही. ९ च्या सुमारास दिवा मंद व्हावा, आणि सुट्टीच्या दिवशीही ही वेळ फार ढळू नये. आईबापांपैकी जो उशिरा येतो त्याने मुलाला जागे ठेवून भेटण्यापेक्षा सकाळी अर्धा तास आधी उठून भेटावे. त्या अर्ध्या तासातच तिसरी गोष्ट साधते. न्याहरी झाल्यावर मुलाला दहा मिनिटे, घाई न करता, शौचास बसू द्यावे. पाश्चात्त्य पद्धतीच्या शौचकूपावर त्याचे पाय लोंबकळतात आणि जोर लागत नाही, म्हणून पायांखाली एक पाट द्यावा. ही सवय लागली की पुष्कळ कळा, पुष्कळ किरकिर आणि पुष्कळ जागरणे औषधावाचून कमी होतात.

हे सांगणे सोपे, करणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. कचेरी आठ वाजता सोडते, रस्ता वाट देत नाही, शाळेची बस थांबत नाही. एकट्या आईने, एकट्या घराने यावर पूर्ण तोड काढावी ही अपेक्षा अन्यायाची होईल. शाळांनी सकाळची घंटा थोडी पुढे न्यावी, शौचकूपे स्वच्छ ठेवावीत आणि मुलाने वर्गात हात वर करताच त्याला जाऊ द्यावे. लहान मुलांच्या आईबापांना संध्याकाळी वेळेवर मोकळे करणे हे कचेऱ्यांनी आपले कर्तव्य मानावे. गिरणगावच्या मातेला निवड नव्हती. आजच्या शिकलेल्या, मिळवत्या आईबापांना थोडीशी तरी आहे, आणि जेथे ती आहे तेथे तिचा उपयोग मुलासाठी व्हावा. मुलाच्या शरीरातले घड्याळ कोणत्याही कंपनीच्या वेळेवर लावता येत नाही. आपले घड्याळच थोडे त्याच्या वेळेवर लावावे, एवढीच आज माझी विनंती आहे.